फसवणुकीच्या बातमीत रक्कम असते, मेल मात्र नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पुणे आवृत्तीत ऑनलाइन फसवणुकीची बातमी नाही, असा दिवस आता क्वचितच उगवतो. या बातम्यांचा साचाही ठरून गेला आहे. तक्रारदाराचे वय, राहण्याचा भाग, गेलेली रक्कम, गुन्हा दाखल झालेले पोलीस ठाणे आणि शेवटी अधिक तपास पोलीस निरीक्षक करीत असल्याचे एक वाक्य. मथळ्यात ‘उच्चशिक्षित’ हा शब्द हमखास असतो, जणू पदवी घेतलेल्या माणसाने फसणे हेच त्या बातमीतले नवल आहे. मात्र चोरट्याने पाठवलेल्या मेलमध्ये नेमके काय लिहिले होते, तो कोणत्या पत्त्यावरून आला होता, त्यातला कोणता तपशील खरा होता आणि कोणता बनावट, पैसे गेल्याचे लक्षात आल्यावर तक्रारदाराने पहिला फोन कोणाला केला आणि किती वेळाने केला, यांपैकी एकही गोष्ट वाचकाला कळत नाही. रक्कम वाचून हळहळण्यापलीकडे त्या बातमीचा उपयोग होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तसाच मेल वाचकाकडे आला तर तो ओळखण्याचे कोणतेही साधन त्याच्या हाती नसते. पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात जेवढे असते तेवढेच वार्ताहर देणार, हे मला समजते. तरीही तक्रारदाराची ओळख आणि खाते क्रमांक झाकून खुद्द मेलच छापावा, अशी माझी सूचना आहे, आणि ती का करावीशी वाटली हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे. आपण त्याला कात्री लावलीत तरी हरकत नाही, फक्त पत्ता कसा वाचावा हा भाग राहू द्यावा.

मी भोसरी आणि चाकण परिसरातील लहान कारखान्यांचे हिशेब पाहते. दिवसभर समोर मेलच असतात. बिले, कोटेशन, पर्चेस ऑर्डर, जीएसटीच्या आणि बँकांच्या सूचना. त्यामुळे फसवा मेल हा माझ्या रोजच्या कामाचाच भाग झाला आहे, आणि त्यावरून माझे एक मत बनले आहे. लोक अज्ञानामुळे फसतात, हे निदान अर्धवट आहे. लोक फसतात, कारण खऱ्या संस्थांचे मेलही चोरट्यांच्या मेलसारखेच दिसतात. खरी बँकही केवायसी अद्ययावत न केल्यास खात्यावर निर्बंध येतील असे कळवते, खरी विमा कंपनीही ‘येथे क्लिक करा’ म्हणते, खरा मेलही उत्तर देऊ नये अशा पत्त्यावरून येतो आणि त्यातले इंग्रजीही पुष्कळदा यथातथाच असते. व्याकरणाच्या चुकांवरून खोटा मेल ओळखावा, हा सल्ला एके काळी ठीक होता. आता निर्दोष इंग्रजी आणि बऱ्यापैकी मराठीही यंत्राकडून लिहून घेता येते, त्यामुळे शुद्ध भाषा पाहून मेलवर विश्वास ठेवण्याचे दिवस गेले. म्हणून मजकुरावरून खरे-खोटे ठरवत बसण्यापेक्षा मेलमधील लिंक, फोन क्रमांक किंवा क्यूआर कोड यांपैकी कशाचाही आधार घ्यायचा नाही, त्या संस्थेशी आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या मार्गानेच संपर्क साधायचा, हा एक नियम मला सर्वांत भरवशाचा वाटतो. मेल खरा असेल तर तीच सूचना बँकेच्या ॲपमध्ये किंवा आयकराच्या पोर्टलवर आपण स्वतः गेल्यावर दिसेलच.

हुद्दा, पगार किंवा संगणकाची सवय यांमुळे संरक्षण मिळत नाही, याचे पुण्यातले उदाहरण जगजाहीर आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटसारख्या कंपनीतून एक कोटी रुपयांहून अधिक रक्कम बाहेर गेली, ती कंपनीच्या प्रमुखांच्या नावाने एका वरिष्ठ अधिकाऱ्याला आलेल्या व्हॉट्सॲप संदेशावरून. वरिष्ठांचा हुकूम आणि घाई, एवढ्यावर काम झाले. साहेबांना उलट फोन करून ‘हे आपणच सांगितलेत का’ असे विचारणे आपल्याकडे आगाऊपणाचे मानले जाते, याचा चोरट्यांना पुरता अंदाज आहे. असा फोन केल्याबद्दल कोणीही रागावणार नाही, हे मालकांनी आपल्या माणसांना एकदा स्पष्ट सांगून ठेवले तर ती कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा स्वस्त खबरदारी ठरेल.

माझ्या पाहण्यातला एक प्रकार तपशिलाने सांगते. भोसरीतील एक कारखाना चाकणच्या एका जुन्या पुरवठादाराकडून ब्राइट बार, म्हणजे पोलादाच्या गुळगुळीत कांबी, घेतो. मागील बिलाची रक्कम द्यायची राहिली होती आणि त्याविषयी दोन्हीकडून मेल चालू होते. त्याच विषयाखाली, आधीचा सगळा पत्रव्यवहार खाली तसाच ठेवून, एक नवा मेल आला. ऑडिटमुळे आमचे नेहमीचे खाते काही दिवस वापरता येणार नाही, तरी या बिलाची रक्कम सोबतच्या खात्यावर पाठवावी, एवढाच त्यात मजकूर होता. सोबत पीडीएफ बिल होते. लेटरहेड तेच, जीएसटी क्रमांक तोच, शिक्का आणि सही तीच, रक्कमही पैशापर्यंत बरोबर. खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड तेवढे बदललेले होते. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरे शेजारी शेजारी बसवली होती. बारीक टायपात ही जोडी हुबेहूब ‘एम’सारखी दिसते, आणि मोबाइलवर तर पत्ता दिसतच नाही, फक्त नाव दिसते. त्यामुळे पत्त्यातला फरक तेव्हा कोणाच्याच लक्षात आला नाही.

पैसे वाचले ते तेथील अकाउंट्स पाहणाऱ्या बाईंनी आयएफएससी कोड नीट वाचला म्हणून. या ११ अक्षरी कोडमधील पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे शून्य आणि उरलेली सहा शाखेची असतात, आणि शाखा कोणती हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. ती शाखा दूरच्या राज्यातली निघाली. चाकणच्या पुरवठादाराचे खाते तिकडे कशाला असेल, अशी शंका येऊन त्यांनी जुन्या चलनावर छापलेल्या क्रमांकावर फोन लावला. मेलच्या तळाशी दिलेल्या क्रमांकावर त्यांनी फोन केला नाही, हे महत्त्वाचे, कारण तो क्रमांकही बदललेला होता. पुरवठादाराने असा मेल पाठवलाच नव्हता. पुढे तपासले तेव्हा पुरवठादाराच्याच मेलबॉक्समध्ये परक्या माणसाचा शिरकाव झालेला आढळला. बिलाची रक्कम, तारीख, पत्रव्यवहाराची भाषा हे सगळे त्याने तिथे बसून निवांत वाचले होते.

पोलिसांत आणि निर्यातदारांत या प्रकाराला ‘मॅन इन द मिडल’ म्हणतात. परदेशी ग्राहकाच्या बाबतीत तो घडला आणि पैसे तिकडच्या एखाद्या खात्यात गेले, तर ते परत आणणे फार अवघड होते. माल गेलेला असतो, ग्राहक म्हणतो मी पैसे दिले, पुरवठादार म्हणतो मला मिळाले नाहीत, आणि बरीच वर्षे जपलेला व्यवहार वकिलांकडे जातो. म्हणून बँक खाते बदलल्याची सूचना केवळ मेलवरून ग्राह्य धरली जाणार नाही, ही अट प्रत्येक लहान कारखान्याने आपल्या पर्चेस ऑर्डरवर आणि बिलावर छापून टाकावी, असे मी माझ्या सर्व अशिलांना सांगते. निम्मे ऐकतात.

बँकव्यवहारातील एका जुन्या त्रुटीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. धनादेशावर नाव आणि खाते जुळते का हे पाहिले जात असे. ऑनलाइन हस्तांतरणात मात्र वर्षानुवर्षे रक्कम केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा होत आली. आपण रकान्यात पुरवठादाराचे नाव कितीही काळजीपूर्वक लिहिले तरी क्रमांक चोरट्याचा असेल तर पैसे चोरट्यालाच मिळत. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी परिपत्रक काढून एनईएफटी आणि आरटीजीएस करणाऱ्या ग्राहकाला पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करावी, असे बँकांना सांगितले. ही सोय विनाशुल्क आहे. ‘पुढे चला’चे बटण दाबण्याच्या घाईत ते नाव न वाचणारे लोक मी रोज पाहते. नाव दिसत नसेल तर आपल्या शाखेत जाऊन विचारावे.

आता पत्त्याविषयी. मेलच्या माथ्यावर ठळक दिसणारे नाव पाठवणाऱ्याने स्वतः टाइप केलेले असते. तिथे कोणीही ‘आयकर विभाग’ लिहू शकतो, आपल्या सोसायटीच्या अध्यक्षांचे नावही लिहू शकतो. त्या नावावर बोट टेकवले की पूर्ण पत्ता उघडतो, आणि त्यातील ‘ॲट’च्या चिन्हानंतरचा भाग तेवढा महत्त्वाचा असतो. संकेतस्थळाच्या पत्त्याचेही तसेच. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडल्या, तर त्यानंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्यावा आणि तो उजवीकडून डावीकडे वाचावा. मालक कोण हे शेवटचे दोन-तीन तुकडेच सांगतात. ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन’ हा पत्ता सरकारचा आहे. पण त्याच्यापुढे आणखी एखादा शब्द आणि ‘डॉट कॉम’ जोडलेले असेल, तर तो पत्ता त्या शेवटच्या शब्दाची नोंदणी करणाऱ्याचा झाला, आधी सरकारचे नाव कितीही स्पष्ट लिहिलेले असो. मोबाइलवर लिंक न उघडता तिच्यावर बोट दाबून धरले तर पूर्ण पत्ता दिसतो, मात्र हे करताना चुकून ती उघडण्याचीच शक्यता मोठी, म्हणून ज्येष्ठांना मी हा प्रयोग सुचवत नाही. पत्त्याशेजारचे कुलूप पाहून निर्धास्त होणारेही पुष्कळ भेटतात. आपण आणि ते संकेतस्थळ यांच्यातील मजकूर मध्ये कोणी वाचू शकत नाही, एवढाच त्या कुलपाचा अर्थ. पलीकडे चोरटाच बसला असेल तर आपला पासवर्ड त्याच्यापर्यंत अगदी सुरक्षितपणे पोहोचतो.

ज्यांना थोडे खोलात जायचे आहे त्यांनी जीमेल संगणकावर उघडून मेलच्या तीन ठिपक्यांखालील ‘शो ओरिजिनल’ हा पर्याय पाहावा. मेल खरोखर त्याच पत्त्याच्या मालकाकडून आला का हे पाहणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन तपासण्यांचा निकाल तिथे दिलेला असतो. यांत मेल नापास झाला असेल तर तो दुसऱ्याच्या नावाने पाठवला असण्याचा दाट संशय घ्यावा. पास झाला म्हणून तो प्रामाणिक ठरत नाही, कारण ‘आर-एन’सारखा बनावट पत्ता चोरट्याने रीतसर नोंदवलेला असेल तर त्याचे मेलही या तपासण्यांत सहीसलामत पास होतात.

एक सुधारणा मात्र मनापासून स्वागत करण्याजोगी आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना, त्यात आपल्या नागरी सहकारी बँकाही आल्या, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यांवर नेण्यास सांगितले. हे पत्ते फक्त बँकांनाच मिळतात, त्यामुळे ते उजवीकडून वाचले की निर्णय सोपा होतो. पण याचा लाभ लोकांना तेव्हाच मिळेल, जेव्हा बँका आपले मेल आणि जाहिरातीही त्याच पत्त्यांवरून पाठवतील. एकीकडे ‘अनोळखी लिंक उघडू नका’ असा सल्ला देणारा मेल पाठवायचा आणि त्याच मेलच्या तळाशी ‘अधिक माहितीसाठी’ म्हणून जाहिरात कंपनीच्या वाचता न येणाऱ्या पत्त्याची लिंक द्यायची, असे नमुने माझ्या मेलबॉक्समध्ये आहेत. ग्राहकाला शिस्त शिकवणाऱ्यांनी आधी आपली शिस्त पाहावी. ग्राहकांना पाठवायच्या मेलमध्ये लिंक अजिबात द्यायची नाही, ‘आमचे ॲप उघडून पाहा’ एवढेच लिहायचे, असे एखाद्या पुणेरी सहकारी बँकेने जाहीर केले तर मी माझे खाते तिथे हलवीन.

चोरट्यांचे एक पंचांगही असते आणि ते पाहून ठेवले तर निम्मे मेल तारखेवरूनच ओळखता येतात. विवरणपत्रांचे दिवस आले की आयकर परताव्याचे मेल सुरू होतात, कारण त्या दिवसांत परताव्याची वाट खरोखरच असंख्य लोक पाहत असतात. आयकर विभागाच्या पत्रांवर १ ऑक्टोबर २०१९ पासून एक ओळख क्रमांक असतो आणि तो खरा आहे की नाही हे विभागाच्या पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येते, ही माहिती मेलला घाबरलेल्या माणसाला वेळेवर मिळाली तर त्याची रात्रीची झोप वाचेल. पावसाळ्यात, दिवे जा-ये करत असतानाच, बिल न भरल्याने आज रात्री वीज तोडली जाईल, असा संदेश महावितरणच्या नावाने येतो. नोव्हेंबरात पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा हंगाम असतो आणि त्या निमित्ताने कोषागारातून किंवा पेन्शन विभागातून बोलत असल्याची बतावणी करणारे फोन ज्येष्ठांना येतात. पुण्यात निवृत्तांची संख्या मोठी, त्यांची मुले पुष्कळदा परदेशी, आणि ‘उगाच मुलांना कशाला त्रास’ म्हणून न विचारता ओटीपी सांगून टाकण्याची वृत्तीही आहे.

पुण्यात स्वयंपाकाचा पाइप गॅस घरोघरी पोहोचल्यापासून महाराष्ट्र नॅचरल गॅस या कंपनीच्या नावाचाही असाच गैरवापर झाला. बिल थकले आहे, जोडणी तोडू, आणि टाळायचे असेल तर ही फाइल उघडा. ती फाइल म्हणजे एपीके, अर्थात अधिकृत ॲप स्टोअरला वळसा घालून फोनमध्ये थेट बसणारे ॲप. एकदा ते बसले आणि एसएमएस वाचण्याची परवानगी त्याने मिळवली की ओटीपी परस्पर चोरट्याकडे जातात, आणि ‘मी कोणालाही ओटीपी सांगितला नाही’ असे शपथेवर सांगणाऱ्या माणसाचे म्हणणे अगदी खरे असते. वाहनाच्या दंडाच्या चलनाच्या नावाने येणारी फाइल त्याच जातीची.

‘डिजिटल अटके’विषयी, म्हणजे पोलीस असल्याची बतावणी करून माणसाला व्हिडिओ कॉलवर अडकवून पैसे उकळण्याच्या प्रकाराविषयी, पुष्कळ लिहून झाले आहे, त्यामुळे एवढेच म्हणते की अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही हे स्पष्ट केले होते. न्यायालयाचा शिक्का असलेले पीडीएफ मेलवर आले म्हणून ते न्यायालयाने पाठवले असे होत नाही.

ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते ती म्हणजे स्वतःचे मेल खाते. बँकेच्या पासवर्डची काळजी घेणारा माणूस मेलचा पासवर्ड मात्र कित्येक वर्षे बदलत नाही, तोच पासवर्ड खरेदीच्या संकेतस्थळांवरही वापरतो, आणि त्यांपैकी एखाद्या ठिकाणची माहिती फुटली की मेलचे दार आपोआप उघडते. बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलण्याची सोय मेलमधूनच असल्याने, मेल ज्याच्या हाती गेला त्याच्या हाती इतर पुष्कळ गोष्टी जातात. मेलला वेगळा, लांब पासवर्ड आणि दोन टप्प्यांची पडताळणी हवीच. त्याशिवाय सेटिंगमध्ये जाऊन ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ हे दोन भाग पाहावेत, कारण शिरलेला चोरटा तिथे नियम घालून ठेवतो, ‘बिल’ किंवा ‘पेमेंट’ असे शब्द असलेले मेल मालकाला न दिसता परस्पर दुसरीकडे जातात, आणि नुसता पासवर्ड बदलून हे थांबत नाही. वर सांगितलेल्या पुरवठादाराच्या खात्यात नेमका असाच एक नियम सापडला. खाते परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल क्रमांक आपल्याच ताब्यात आहे ना, हेही पाहावे. कंपनीचे सिम नोकरी सोडताना परत दिलेले असते आणि मेलला तोच क्रमांक जोडलेला राहतो.

इतके करूनही पैसे गेले, तर पहिल्या तासाला मोल आहे. राष्ट्रीय मदत क्रमांक १९३० वर फोन करावा किंवा ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या पोर्टलवर तक्रार नोंदवावी. त्यानंतर ज्या बँकेत पैसे गेले तिला कळवले जाते आणि खात्यात शिल्लक असेल तेवढी रक्कम गोठवता येते. चोरटे ती रक्कम काही मिनिटांत दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात फिरवतात, म्हणून घरात कोण काय म्हणेल या संकोचात घालवलेली रात्र महागात पडते. मात्र १९३० वर सांगितले म्हणजे आपल्या बँकेलाही सांगितले, असे समजू नये. बँकेला स्वतंत्रपणे कळवून तक्रार क्रमांक घ्यावा, कारण रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातील मुदती बँकेला कळवण्याशी जोडलेल्या आहेत. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर कोणतीही जबाबदारी येत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत दिली तर ती ठरावीक मर्यादेपर्यंतच येते. ग्राहकाने ओटीपी किंवा पासवर्ड स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. काउंटरवर ‘तुम्हीच ओटीपी दिला असणार’ एवढ्या एका वाक्यावर ज्यांना परत पाठवले जाते त्यांनी हे परिपत्रक छापून सोबत न्यावे. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्यासाठीचा माहिती क्रमांक १४४४८ आहे.

याच संदर्भात पुण्यातील एका जुन्या प्रकरणाची आठवण करून द्यावीशी वाटते. येथील एका वाहन सुटेभाग कंपनीच्या संचालकांनी फसव्या मेलला प्रतिसाद दिला आणि एका राष्ट्रीयीकृत बँकेतील खात्यातून सुमारे ८० लाख रुपये गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली निवाडा अधिकारी म्हणून काम पाहणाऱ्या राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी २०१३ मध्ये त्या बँकेला ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मेलला प्रतिसाद देण्यात तक्रारदाराचीही जबाबदारी होती हे त्यांनी मान्य केले, तरी पैसे ज्या खात्यांत गेले ती खाती उघडताना पुरेशी तपासणी न करणाऱ्या बँकेला त्यांनी मोकळे सोडले नाही. मला ही वाटणी न्याय्य वाटते. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी हा मार्ग आजही कायद्यात आहे, आणि तो ठाऊक नसल्याने लोक पोलीस ठाण्याच्या हेलपाट्यांतच थकून जातात.

हेलपाट्यांचे एक कारण कायद्यातही आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार या कायद्याखालील गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील अधिकाऱ्यानेच करायचा असतो. एका ठाण्यात असे अधिकारी किती असतात आणि त्यांच्या मागे बंदोबस्तापासून काय काय असते, हे गणेशोत्सवात कोणीही पाहू शकतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड अशी दोन आयुक्तालये २०१८ पासून वेगळी झाल्याने राहायला एकीकडे, कारखाना दुसरीकडे आणि बँक तिसरीकडे असलेल्या माणसाला ‘तुमची हद्द ती नव्हे’ हे वाक्यही ऐकावे लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीच्या कारणावरून नाकारता येत नाही. ठाणे अंमलदारांना हे ठाऊक असतेच, पण तक्रारदारालाही ठाऊक असले तर संभाषण लवकर संपते.

राहता राहिली भाड्याची खाती. लुबाडलेले पैसे शेवटी कोणाच्या तरी खऱ्या, आधार जोडलेल्या खात्यातच जमा होतात. ही खाती बहुधा नोकरीच्या शोधातील तरुणांची, बाहेरगावाहून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांची असतात. ‘तुझे खाते, एटीएम कार्ड आणि सिम काही दिवस दे, काही हजार मिळतील’ असे सांगणारा बहुतेक वेळा ओळखीचाच कोणीतरी असतो. पोलीस सर्वांत आधी याच विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतात, कारण त्याचेच नाव-पत्ता कागदावर असतो. खाते गोठते, फसवणुकीच्या गुन्ह्यात नाव येते, पुढे पासपोर्टसाठी किंवा नोकरीत रुजू होताना होणाऱ्या पोलीस पडताळणीत ते नाव समोर येते, आणि पैसे नेणारा मात्र सापडत नाही. सदाशिव पेठेतील अभ्यासिका आणि कर्वेनगरपासून हिंजवडीपर्यंतची वसतिगृहे यांत राहणाऱ्या मुलांपैकी किती जणांना हे कोणी समजावून सांगितले आहे? प्रवेशाच्या वेळी सर्व महाविद्यालये रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरून घेतात. त्याच वेळी स्वतःचे बँक खाते, कार्ड वा सिम दुसऱ्याला वापरायला देणार नाही, असे आणखी एक पान विद्यार्थ्याची आणि पालकांची सही घेऊन जोडावे, आणि विद्यार्थ्यांची खाती उघडणाऱ्या शाखांनी तोच मजकूर मराठीत पासबुकच्या पहिल्या पानावर छापावा, अशी विनंती मी आपल्या दैनिकाच्या माध्यमातून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला आणि येथील बँकांना करीत आहे.

आपली,
एक वाचक,
कोथरूड, पुणे